हिवाळी परीक्षा, कापूस आणि कबड्डी

आमच्या भागातल्या एका कॉलेजानं गेल्या हिवाळी परीक्षेच्या तोंडावर मुलींच्या कबड्डी संघातल्या काही जणींचे परीक्षा अर्ज अडवून ठेवले. खेळामुळे त्यांची हजेरी परीक्षेला बसायला लागणाऱ्या ७५ टक्क्यांच्या खाली गेली होती. पालक येऊन भेटले, हमीपत्रं लिहून झाली, अर्ज पुढे गेले, प्रकरण मिटलं. पण तोवर ते व्हॉट्सॲपवर पोचलं होतं आणि तिथं ते अजून मिटायचं नाव घेत नाही. एक बाजू म्हणते, सचिन कुठं कॉलेजात गेला होता? दुसरी म्हणते, अनिल कुंबळे इंजिनिअर झाला, द्रविडनं बीकॉम केलं. करणारे दोन्ही करतात, न करणाऱ्यांना निमित्त लागतं. मग एखादे ज्येष्ठ गृहस्थ येतात, "विद्यार्थ्यांनी दोन्हींचा समतोल साधला पाहिजे" असं लिहितात, खाली जोडलेले हात टाकतात, आणि सगळे त्यांना अंगठे देऊन झोपायला जातात.

मला पहिल्या दोघांपेक्षा या समतोलवाल्यांशी जास्त भांडायचं आहे. सचिन आणि कुंबळेचे दाखले तसेही आपल्या कामाचे नाहीत. एक मुंबईचा, १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी भारतासाठी पाकिस्तानात खेळायला गेलेला. दुसरा बेंगळुरूचा. दोघांच्याही शहरात मैदान, प्रशिक्षक, क्लब आणि कॉलेज लोकलच्या किंवा सिटी बसच्या टप्प्यात होतं. दारव्हा, मंगरूळपीर, आर्वी, चिमूर अशा विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बीए भाग दोनला असलेल्या मुलीनं त्यातून काय घ्यायचं? समतोलवाले मात्र शहाण्यासारखं बोलतात आणि त्या शहाणपणाच्या आडून सगळा भार एकोणीस वर्षांच्या पोरीवर टाकतात. माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या ग्रामीण कॉलेजात अभ्यास आणि खेळ यांची टक्कर विद्यार्थ्याच्या आळसामुळे क्वचित होते. बहुतेक वेळा ती वेळापत्रकामुळे होते. वेळापत्रक विद्यापीठ करतं, कॉलेज करतं, एसटीचं आगार करतं. तेव्हा समतोल साधायचाच असेल तर आधी त्यांनी साधावा.

ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने डोळ्यांसमोर आणा. दसऱ्याच्या मागेपुढे सोयाबीनची सोंगणी, लगोलग हरभऱ्याची पेरणी. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कापसाचा पहिला वेचा निघतो आणि मजूर मिळत नाही म्हणून घरात जितके हात असतील तितके वावरात जातात. याच दिवसांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाच्या संघाची निवड, मग त्या संघाचं सराव शिबिर, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी कधी गुजरात, कधी राजस्थान. आणि याच दिवसांत हिवाळी परीक्षा, तिच्याआधी अंतर्गत चाचण्या, असाइनमेंट, प्रॅक्टिकल. जुन्या वार्षिक पद्धतीत परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये व्हायची. दिवाळी ते संक्रांत खेळाडू खेळायचा, मग गाइड घेऊन बसायचा आणि कसाबसा निघायचा. ती पद्धत फार थोर होती असं मी म्हणणार नाही, पण तिच्यात हिवाळा मोकळा होता. सेमिस्टर आलं तेव्हा परीक्षेचं वर्ष मधोमध कापलं गेलं. स्पर्धांचं वर्ष होतं तिथंच राहिलं. ही दोन्ही वेळापत्रकं एकाच विद्यापीठाचे दोन विभाग तयार करतात. परीक्षा विभागाच्या टेबलावरून क्रीडा विभागाच्या टेबलावर वेळेत एक कागद गेला असता तर अर्धं भांडण तिथंच संपलं असतं.

आता एसटी. तासिका तीन-साडेतीनला सुटतात, मैदानावर फक्कीनं रेषा मारून सराव सुरू व्हायला चार वाजतात. गावाकडे जाणारी गाडी पावणेपाचची. तिच्यानंतर थेट रात्री आठची मुक्कामी. मुलींच्या संघातल्या एका रेडरनं मला हे गणित फार नेमकं सांगितलं: "सर, रेड टाकाले गेली का गाडी जाते, अन् गाडी पकडली का टीममधली जागा जाते." तिचे वडील खेळाच्या विरोधात नाहीत. "खेळू द्या सर, मी काई आडवं येत नाही. पन रातच्या गाडीनं नको," एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ज्या फाट्यावर ती गाडी सोडते तिथून गाव दीड किलोमीटर आत आहे हे पाहिलं तर त्यांना दोष देता येत नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास आधीपासून आहे. म्हणजे भाड्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला आहे. वेळेचा प्रश्न सोडवायला सरकारी तिजोरीला हात लावावा लागत नाही. प्राचार्यांनी आगार व्यवस्थापकांना एक पत्र द्यायचं, गाडी पावणेपाचऐवजी सहाला सोडा म्हणून. शाळांच्या सुट्टीप्रमाणे गाड्यांच्या वेळा बदललेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. की ते पत्रही त्या रेडरनंच लिहायचं?

इथं जरा मागे वळून पाहू. खेड्यातल्या कुणब्याच्या, माळ्याच्या पोरानं शिकावं की वावरात राबावं, हाही एके काळी समतोलाचाच प्रश्न होता. डॉ. पंजाबराव देशमुखांनी त्या पोरांना समतोलावर प्रवचन दिलं नाही. त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभं केलं, कारण शिकायची इच्छा असलेल्या पोराला रात्री डोकं टेकायला जागा आणि दोन वेळची भाकर नव्हती. तिकडे साताऱ्यात भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' काढून श्रमाला संस्थेच्या आवारातच जागा दिली. काम करतोस म्हणून शिक्षणात मागे पडलास तर तुझं तू बघ, असं ते म्हणाले नाहीत. ती योजना आजही आपल्या कॉलेजांतून चालते. बागेला पाणी देणाऱ्या, ग्रंथालयात पुस्तकं लावणाऱ्या मुलाच्या तासांचा हिशेब ठेवता येतो, तर कबड्डीच्या कोर्टवर घाम गाळणाऱ्या मुलीच्या तासांचा का नाही?

आणि व्यायामाला विद्येपासून तोडणं ही विदर्भाची परंपरासुद्धा नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकानं जाऊन मल्लखांब आणि आपले देशी खेळ जगाला दाखवले. नव्वद वर्षांपूर्वी वऱ्हाडातली पोरं बर्लिनला पोचू शकली, आणि आज तालुक्याच्या मुलीला अमरावतीला शिबिरासाठी पाठवायचं तर कॉलेजात खल होतो. गडचिरोलीकडे तर बोलायलाच नको. सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं म्हणजे दोनशे किलोमीटरांच्या वर. तिथल्या विद्यार्थ्याला 'वेळेचं नियोजन' शिकवणाऱ्यानं आधी तो रस्ता पावसाळ्यात एकदा पार करून दाखवावा.

विरोधी बाजूला एक मुद्दा मात्र फार जोरकस आहे, आणि तो मांडणारे बहुतेक प्राध्यापक प्रामाणिक आहेत. ते म्हणतात, तुम्ही ज्याला खेळाडूंची सोय म्हणता ती आम्ही पाहिली आहे. विद्यापीठाची ढाल मिळावी म्हणून कॉलेज बाहेरून क्लबचा तगडा खेळाडू आणतं, बीएला नाव टाकतं, फी माफ करतं. तो वर्गात कधी दिसत नाही. रजिस्टरवर हजेरी लागते, अंतर्गत गुण भरले जातात. प्राचार्यांच्या दालनातल्या कपाटात ढाली वाढतात, पोराला कलरकोट, म्हणजे विद्यापीठाच्या खेळाडूचा कोट, मिळतो, त्याचा फोटो प्रवेशाच्या फ्लेक्सवर लागतो. वयाची अट संपली की त्याच्या हातात ना पदवी, ना नोकरी, गुडघा मात्र कायमचा गेलेला. हे खरं आहे. मी अशी पोरं पाहिली आहेत. त्यांतला एखादा आज त्याच कॉलेजसमोर चहाचा ठेला लावतो आणि जुन्या सरांना अदबीनं चहा देतो. याच्याही पुढे जाऊन मी कबूल करतो की क्रीडा प्रमाणपत्रांच्या नावावर राज्यात जो बाजार झाला तो लाजिरवाणा होता. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्याच्यासाठी ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं निघाली आणि खऱ्या खेळाडूंनाही पडताळणीसाठी उपसंचालकांच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवायची वेळ आली. सवलत म्हटली की लोकांच्या भुवया वर जातात त्या उगाच नाहीत.

पण या उदाहरणांतून निष्कर्ष कोणता निघतो? त्या चहावाल्या खेळाडूचं नुकसान झालं ते त्याला अभ्यासासाठी वेगळी सोय दिली म्हणून की दिलीच नाही म्हणून? त्याला कुणी बुडालेल्या तासिका भरून दिल्या नाहीत. त्याची चाचणी कुणी नंतर घेतली नाही. त्याला फक्त खोटी हजेरी दिली, कारण खोटी हजेरी फुकट असते आणि एका मुलासाठी पुन्हा पेपर काढायला मेहनत पडते. म्हणजे कॉलेजनं त्याला अभ्यासातून माफ केलं आणि आपलं काम वाचवलं. मी मागतो आहे ते याच्या नेमकं उलट. एकही गुण फुकट देऊ नका. कच्चा असेल तर नापास करा. पण स्पर्धेच्या दिवशी त्याचा पेपर असेल तर तो पेपर त्याला पुन्हा द्या. बोगस खेळाडूला तरी याचा काय उपयोग? ज्याला अभ्यासच करायचा नाही तो दुसऱ्यांदा पेपर द्यायला येईल कशाला?

दुसरा आक्षेप माझ्या एका विद्यार्थिनीनंच घेतला, आणि तो मला प्राध्यापकांच्या आक्षेपापेक्षा जड वाटला. ती खेळाडू नाही. नोव्हेंबरात ती आईबरोबर कापूस वेचते. ओटी भरून कापूस, बोटांना बोंडांचे काटे, दिवसाच्या शेवटी किलोवर मजुरी. तिची हजेरीही ७५ टक्क्यांच्या खाली जाते. खेळाडूंना कॉलेजचं पत्र मिळतं, त्यावरून तिनं विचारलं, "त्यायले कागद भेटते, मंग आमाले काहून नाई?" याला चटकन देण्यासारखं उत्तर नाही. कॉलेजच्या नावाची जर्सी घालून गेलेली मुलगी कॉलेजच्याच कामावर असते, तिला गैरहजर धरणं म्हणजे कॉलेजनं स्वतःचंच पत्र नाकारणं, हा फरक मी तिला सांगितला. तो खरा आहे, पण अपुरा आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. म्हणून मी उलटा जातो: तिचं म्हणणं खेळाडूची सोय काढून घेण्यासाठी वापरू नका, तिलाही सोय देण्यासाठी वापरा. दिवाळीची सुट्टी कापसाच्या हंगामाशी जुळवून घ्या, अंतर्गत चाचण्या डिसेंबरात ढकला. पुण्याच्या कॅलेंडरनं यवतमाळात तासिका का चालाव्यात? नाहीतर खेळाडू विरुद्ध वेचणीवाली असं भांडण लागेल आणि ज्यानं वेळापत्रक केलं तो तिसरा बाजूला बसून राहील.

तिसरा आक्षेप नेहमीचा: खेळून किती जणांचं भलं होतं? फार थोड्यांचं. बुलढाण्याचा प्रथमेश जवकार आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कंपाउंड तिरंदाजीच्या सुवर्णविजेत्या संघात होते; वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव भारताकडून कसोटी खेळला. अशी नावं घेता येतील, पण मी माझं म्हणणं पदकांवर उभं करत नाही. शंभरातले नव्याण्णव तिथवर जाणार नाहीत. मग साध्या बीएच्या पदवीवर किती जणांचं भलं होतं, हेही त्याच दमात विचारा की. ते कुणी विचारत नाही.

शिवाय या आक्षेपात एक ढोंग आहे. जे म्हणतात खेळात वेळ जातो, त्यांचीच पोरं पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्यानं रांगेत धावत असतात. पोलीस भरतीचं मैदान ५० गुणांचं: १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, मुलींना ८०० मीटर. शिपायाच्या भरतीला बारावी पास पुरते. ते धावणं कुणाला वाया गेलेलं वाटत नाही, कारण त्याच्या टोकाला वर्दी आहे. पण त्याच पोरानं शंभर मीटर कमी करून १५०० मीटर विद्यापीठाच्या स्पर्धेत धावायचं म्हटलं की घरात विचारतात, यातून काय मिळणार? अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्टीपलचेसचा धावपटू तिथं घडला. सैन्याला जे दिसलं ते कॉलेजच्या मैदानाला का दिसू नये? आपल्याकडे भरतीनं मैदान गिळलं आहे. धावणारे वाढले, खेळणारे कमी झाले, आणि याला आपण खेळाची आवड म्हणतो.

मला विचाराल तर मुलींच्या बाबतीत खेळाचं मोल नोकरीच्याही आधी सुरू होतं. विद्यापीठाच्या संघात निवड झालेली मुलगी पहिल्यांदा घराबाहेर मुक्काम करते, परक्या गावात स्वतःचं तिकीट काढते, हरून परत येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला येते. तिच्या लग्नाची बोलणी 'स्पर्धा होऊ द्या' म्हणून पुढे ढकलली जातात, आणि पुढे ढकललेलं ते एक वर्ष अनेकदा पदवीचं शेवटचं वर्ष असतं. खेळामुळे शिक्षण सुटतं असं म्हणणाऱ्यांनी खेळामुळे टिकलेलं हे शिक्षणही मोजायला हवं.

एकानं आमच्या वादात अमेरिकेचा दाखला आणला. टेक्सासमध्ये १९८४ साली कायदा झाला, नापास झालास तर शाळेच्या संघात खेळायचं नाही. कल्पना म्हणून मला ती वाईट वाटत नाही. पण तिथं शाळेची स्वतःची बस असते, मैदान असतं, पगारी प्रशिक्षक असतो. आपल्याकडे अनेक कॉलेजांत शारीरिक शिक्षण संचालकाचं पद रिकामं आहे आणि संघ घेऊन जायला मराठीचा किंवा इतिहासाचा प्राध्यापक धरून आणतात. शिक्षा तेवढी आयात करायची आणि व्यवस्था तिकडेच ठेवायची, हा कुठला न्याय?

दाखलाच हवा असेल तर जवळचा घ्या. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. कॉलेजच्या स्पर्धेत उतरायला क्रीडा शिक्षकानं त्यांना नकार दिला होता, ते प्राचार्यांकडे गेले आणि प्राचार्यांनी उतरू दिलं. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ही गोष्ट आपण खाशाबांच्या जिद्दीची म्हणून सांगतो. ती तितकीच एका प्राचार्यांची आहे. आजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवावं असं कुणी म्हणत नाही. एक पेपर पुन्हा घ्यावा, इतकंच मागणं आहे.

आणि पेपर पुन्हा घेणं अशक्य नाही. २०१८ मध्ये पंधरा वर्षांचा नेमबाज अनिश भानवाला दहावीत होता आणि परीक्षेच्या दिवसांत त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होत्या. सीबीएसईनं त्याचे पेपर नंतर वेगळे घेतले; त्यानं गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. देशभर परीक्षा घेणाऱ्या मंडळाला जे जमलं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जिल्ह्यांच्या विद्यापीठाला का जमू नये? नव्या शैक्षणिक धोरणानं तर दार उघडूनच ठेवलं आहे. क्रीडा, योग, एनसीसी, एनएसएस यांना सह-अभ्यासक्रम म्हणून क्रेडिट आहेत. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. रोज दोन तास सराव करणारी मुलगी शंभर दिवसांत २०० तास भरते. त्याची सहा क्रेडिट होतात आणि वर वीस तास उरतात. आज मात्र तिच्या पदरात बहुधा तेवढीच क्रेडिट पडतात जेवढी वर्षातून चार वेळा योगाच्या चटईवर बसून फोटो काढणाऱ्याच्या पडतात.

राहिला खर्च. पेपर पुन्हा काढायला, तपासायला, पर्यवेक्षक बसवायला पैसे कुठून आणायचे, असं मला एका बैठकीत विचारलं गेलं. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याच्या पावतीवर क्रीडा शुल्काचा एक रकाना असतो. जो कधी मैदानावर पाय ठेवत नाही तोही तो भरतो, आणि जिची पावणेपाचची गाडी चुकते तीही भरते. त्या रकान्यात वर्षाला किती जमा होतात, त्यातले किट, चहापान, बॅनर आणि बक्षीस समारंभावर किती जातात, हा हिशेब प्राचार्यांनी हिवाळी परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी नोटीस बोर्डवर लावावा. तो लागल्यावर खर्चाचं बोलू.